अकराला जामीन कोण?

शनिवारची रात्र. साडेअकरा वाजलेत. बाहेर कुणाच्या तरी अंगणात उरलेसुरले फटाके फुटतायत, आतल्या खोलीत आई-बाबा झोपलेत आणि माझं बोट टचपॅडवर. समोर स्क्रीनवर एक चौकोन आणि चौकोनात बटण... ‘अ‍ॅक्सेप्ट’. बटणाच्या वर इंग्रजीत बरंच काही लिहिलेलं. त्याचा मराठीत अर्थ साधारण असा, की बाई गं, हे मशीन आमच्या अटींत बसत नाही. तरी पुढे गेलीस तर आम्ही याला सपोर्ट देणार नाही, अपडेट्स मिळण्याचा याला हक्क राहणार नाही आणि जमलं नाही म्हणून काही बिघडलं, तर ते वॉरंटीत बसणार नाही.

आता मला सांगा, आजवरच्या आयुष्यात तुम्ही किती ‘आय अ‍ॅग्री’ वाचून दाबलेत? मग? मीही दाबलं.

गोची एकच होती. लॅपटॉप माझा नव्हता. म्हणजे, होता. आता बाबांचा होता.

नीट पहिल्यापासून सांगते. २०१६ मध्ये पहिल्या नोकरीतल्या पहिल्या दिवाळी बोनसला ईएमआयची जोड देऊन मी हा लॅपटॉप घेतला. इंटेलच्या सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, आठ जीबी रॅम आणि वजन असं की ऑफिसातून घरी येईपर्यंत खांद्यावर वळ उठायचा. माझी पहिली प्रेझेंटेशन्स याच्यावर झाली. पहिला राजीनामाही याच्यावरच टाइप केला. २०२० मध्ये आतली हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, तर पठ्ठ्या एकदम विशीत आल्यासारखा पळायला लागला. मग नव्या ऑफिसने नवं मशीन दिलं, मी पुण्याला आले आणि हा डोंबिवलीलाच बाबांकडे राहिला. आमच्या घरात कपडे थोरल्याकडून धाकट्याकडे येतात आणि इलेक्ट्रॉनिक्स धाकट्याकडून थोरल्याकडे जातात. तुमच्याकडेही तसंच असणार.

बाबा सहकारी बँकेतून अधिकारी म्हणून रिटायर झाले आणि दुसऱ्याच महिन्यात आमच्या सोसायटीचे खजिनदार झाले. बिनविरोध. (सोसायटीच्या खजिनदारपदासाठी भांडणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.) अठ्ठावीस फ्लॅट. मेन्टेनन्सच्या पावत्या, सिंकिंग फंड, वॉचमनचे पगार, लिफ्टचं वार्षिक कंत्राट, उन्हाळ्यातले टँकर... सगळा कारभार या लॅपटॉपवरच्या एका एक्सेल शीटमध्ये. त्या शीटमध्ये बाबांनी एवढे फॉर्म्युले आणि मॅक्रो घालून ठेवलेत की ती उघडताना मलाही नमस्कार करावासा वाटतो. आणि मुख्य म्हणजे सोसायटीच्या खात्याचं नेट बँकिंगही याच लॅपटॉपवर.

तर २०२५ च्या ऑक्टोबरात बाबांचा फोन. “अगं, हा म्हणतोय त्याची मुदत संपली.”

‘हा’ म्हणजे विंडोज १०. जुलै २०१५ मध्ये आलेली, दहा वर्षं चाललेली सिस्टीम. १४ ऑक्टोबर २०२५ ला, मंगळवारी, मायक्रोसॉफ्टने तिचा नेहमीचा सपोर्ट थांबवला. म्हणजे लॅपटॉप बंद पडला असं नाही. तो चालूच राहतो. फक्त दर महिन्याला फुकट येणारी सिक्युरिटीची ठिगळं यायची थांबतात. भोकं सापडत राहणार, ठिगळ लावायला कुणी येणार नाही. घरात सिनेमे बघायच्या लॅपटॉपवर एक वेळ चालून जाईल. पण अठ्ठावीस घरांच्या पैशांचं नेट बँकिंग?

“मग ते अकरा टाकून दे की,” बाबा म्हणाले. जणू काही बल्बच बदलायचा होता!

विंडोज ११ आली ५ ऑक्टोबर २०२१ ला, आणि येतानाच मायक्रोसॉफ्टने अटींची यादी लावली. चार जीबी रॅम, चौसष्ट जीबी जागा इथपर्यंत ठीक. पुढे सिक्युअर बूट, टीपीएम २.० आणि प्रोसेसर साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धानंतरचा. टीपीएम ही मशीनमधली छोटी तिजोरी समजा. पासवर्ड, एन्क्रिप्शन वगैरेच्या किल्ल्या तिच्यात राहतात, त्यामुळे चोराने नुसती डिस्क पळवली तरी किल्ली हाती लागत नाही. ती तिजोरी आमच्याकडे होती की नाही, ते नंतर कळलं. पण सहावी पिढी म्हणजे आम्ही दोन यत्तांनी नापास!

बरं, ही अट म्हणजे निव्वळ आडमुठेपणा होता असंही नाही. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने चाचणीच्या काळातले आकडे सांगितले होते. अटींत बसणारी मशीन्स ९९.८ टक्के क्रॅशविना चालली आणि न बसणाऱ्यांमध्ये सिस्टीमच्या गाभ्यातले क्रॅश ५२ टक्क्यांनी जास्त निघाले. मी हे वाचलं आणि काय केलं? आपल्या सोयीचं तेवढं उचललं. ५२ टक्के जास्त म्हणजे कशाच्या ५२ टक्के? मूळ आकडाच बारका असेल तर काय घाबरायचं! कुठलीही वॉर्निंग आपण अशीच वाचतो.

धनत्रयोदशीला, १८ तारखेच्या शनिवारी, मी डोंबिवलीत हजर. आई बेसन भाजत होती. तिचं म्हणणं स्पष्ट होतं. “आज धनत्रयोदशी आहे. घ्यायचाच तर आजच घ्या नवीन. मुहूर्त आहे.” बाबांचं म्हणणं त्याहून स्पष्ट. “चालतंय ना हे? मग?” चाळीस-पन्नास हजारांचा प्रश्न होता. आणि पैसे मी देते म्हटलं असतं तर बाबांनी घेतले नसते.

लिनक्सचा विचार केला. मिंटसारखं काहीतरी फुकट मिळतं, जुन्या मशीनवर छान चालतं. पण ते बाबांचे मॅक्रो दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये धड चालतील याची खात्री कोण देणार? एक चौथा रस्ताही होता. विंडोज १० वरच राहायचं आणि वर्षभराची वाढीव ठिगळं मिळवायची. तो रस्ता मला माहीत होता. मी वाचून सोडून दिला. कारण खरं सांगू? त्यात काही थ्रिल नव्हतं. लॅपटॉप ‘चालत नाही’ म्हटल्यावर ‘कसा चालत नाही बघते’ म्हणणाऱ्या जमातीतली मी. ऑफिसात आयटीवाल्यांच्या आधी माझ्या डेस्कवर येतात लोक! हा इगो फार महागात पडतो, पण तेव्हा तो बेसनाच्या वासासारखा घरभर पसरला होता.

तर रात्री ऑपरेशनला सुरुवात. आधी सोसायटीचं फोल्डर पेन ड्राइव्हवर, मग तेच एक्स्टर्नल डिस्कवर. एवढी अक्कल होती. मग लॅपटॉप बंद करून, चालू होताना फंक्शन की दाबून त्याच्या बायोसमध्ये शिरले. तिथे एका कोपऱ्यात ‘पीटीटी’ असं नाव दिसलं, पुढे लिहिलेलं ‘डिसेबल्ड’. ही इंटेलची टीपीएम बरं का! तिजोरी घरातच होती, नऊ वर्षं कुणी उघडलीच नव्हती. ऑन केली. (तुम्ही करणार असाल तर एक सांगते. डिस्क बिटलॉकरने एन्क्रिप्ट केलेली असेल तर बायोसला हात लावायच्या आधी तिची रिकव्हरी की हाताशी ठेवा. नाहीतर मशीन की मागत बसेल आणि तुम्ही कपाळाला हात लावून बसाल.) मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ पुन्हा चालवलं. आधी दोन लाल फुल्या होत्या, आता एकच. प्रोसेसर.

त्या एका फुलीसाठीसुद्धा एक मागचं दार आहे, आणि गंमत म्हणजे ते मायक्रोसॉफ्टनेच ठेवलेलं. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या पोटातल्या नोंदवहीत, एक नोंद स्वतः तयार करायची आणि तिची किंमत शून्याऐवजी एक ठेवायची. नोंदीचं नाव ‘अलाऊ अपग्रेड्स विथ अनसपोर्टेड टीपीएम ऑर सीपीयू’. एवढं प्रामाणिक नाव मी सॉफ्टवेअरमध्ये दुसरं पाहिलेलं नाही. २०२१ मध्ये कंपनीने हा उपाय आपल्या मदतीच्या पानावर छापला होता, सोबत ‘आम्ही शिफारस करत नाही’ अशी तळटीप. नंतर पानावरून तो मजकूर काढला. दार मात्र होतं तिथेच राहिलं.

मग अकराची इमेज फाइल डाउनलोड केली. काही जीबींची होती, त्यामुळे आईची मालिका मध्ये मध्ये गोल गोल फिरत होती आणि त्यावरून मी बोलणीही खाल्ली. फाइलवर डबल क्लिक, सेटअप, ‘फाइल्स आणि अ‍ॅप्स तसेच ठेवा’ हा पर्याय... आणि मग तो चौकोन. अ‍ॅक्सेप्ट.

पुढचे तीन तास मी काही केलं नाही. टक्के बघत बसले. ज्यांनी कुणी हे केलंय त्यांना माहितीये. एकोणतीस टक्क्यांपर्यंत आपण निवांत असतो. मग लॅपटॉप रीस्टार्ट होतो. स्क्रीन काळी होते आणि जरा जास्तच वेळ काळी राहते. बहात्तर टक्क्यांवर आमची गाडी पंचवीस मिनिटं थांबली होती. सिग्नल नाही, अनाउन्समेंट नाही. बॅकअप दोन ठिकाणी असूनही माझे हात गार पडले. डोक्यात काय आलं असेल? सिस्टीम नाही, रजिस्ट्री नाही. पावत्या. रविवारी सकाळी कुणीतरी मेन्टेनन्सचा चेक घेऊन येईल आणि बाबा म्हणतील, “थांबा हं, जरा लॅपटॉप...” आणि लॅपटॉप नसेल.

अडीचच्या सुमारास निळं फूल उमललं. विंडोज ११ चा तो वॉलपेपर. आवाज येतोय, वायफाय येतंय, बाबांची शीट उघडतेय, मॅक्रो पळतायत. च्यायला, झालं की! त्या क्षणी मला ऑलिम्पिक मेडल मिळाल्यासारखं वाटलं, आणि ते दाखवायला घरात कुणी जागं नव्हतं हे फारच वाईट.

सकाळी बाबांची पहिली प्रतिक्रिया, “हे मधे का आलं?” स्टार्टचं बटण. ते सेटिंगमध्ये जाऊन डावीकडे नेऊन दिलं. दुसरी, “राइट क्लिक केलं की पूर्वीची यादी येत नाही.” येते, पण ‘शो मोअर ऑप्शन्स’मधून. तिसरी तक्रार खरी होती. टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकत नव्हतं. लॅपटॉप बनवणाऱ्यांच्या साइटवर आमच्या मॉडेलपुढे अकराचा ड्रायव्हरच नव्हता. का असेल? मशीन यादीतच नाही. शेवटी दहाचाच जुना ड्रायव्हर उकरून काढून बसवला आणि तो बसला. अर्धी नरक चतुर्दशी त्यात गेली. अभ्यंगस्नान करून मी ड्रायव्हर शोधत होते, विचार करा!

बाकी सगळं मस्त. लक्ष्मीपूजनाला बाबांनी वहीबरोबर लॅपटॉपलाही हळद-कुंकू लावलं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

भाऊबीजेला, गुरुवारी सकाळी, बाबा चष्मा पुढे सरकवून स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात बघत होते. तिथे फिकट अक्षरं उमटली होती. एखाद्या बाँड पेपरवर असतात तशी, आरपार.

“सिस्टीम रिक्वायरमेंट्स नॉट मेट,” त्यांनी वाचलं. “म्हणजे काय गं?”

मी सांगितलं. म्हणजे, सांगायला लागले आणि मला ऐकू यायला लागलं की हे वाईट वाटतंय. प्रोसेसर यादीत नाही, पण काही होत नाही. बघा, अपडेट्ससुद्धा येतायत.

“येतायत. येतील असं त्यांनी लिहून दिलंय का?”

“लिहून असं नाही. उलट...”

“उलट काय?”

“उलट हक्क नाही असं लिहिलंय. पण येतात हो बाबा, सगळ्यांना येतात.”

“म्हणजे कंपनीची सही नाही. मग सही कुणी केली?”

“मी. म्हणजे, अ‍ॅक्सेप्ट मी केलं.”

“आणि उद्या काही झालं तर?”

“तर मी आहे ना!”

बाबा हसले. रागावले नाहीत, हे लक्षात घ्या. म्हणाले, “म्हणजे तू जामीन.”

स्वयंपाकघरात ओवाळणीच्या ताटात सुपारी ठेवताना आईचा हात थांबलेला मी दारातून पाहिला.

आमच्या घरात हा शब्द सहज वापरला जात नाही. १९९८ मध्ये बाबा ऑफिसातल्या एका मित्राला कर्जासाठी जामीन राहिले होते. मित्र चांगला होता, त्याचा धंदाही चांगला होता, सही करताना सगळंच चांगलं होतं. दीड वर्षाने मित्र गावातून नाहीसा झाला आणि पुढची चार वर्षं हप्ते बाबांच्या पगारातून कापले गेले. ज्या बँकेत ते दुसऱ्यांच्या जामीनदारांना नोटिसा पाठवायचे, त्याच बँकेत. त्या चार दिवाळ्यांना घरात नवे कपडे एकटीलाच आले. मला. मी लहान होते, मला वाटायचं मोठी माणसं कपडे घेत नसतात.

आणि बाबांचा मुद्दा मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळला. सगळं सुरळीत असतं तेव्हा जामीनदाराचं काही कामच नसतं. कर्ज फिटत असतं, सिस्टीम चालत असते, अपडेट येत असतात. त्याचं नाव कागदावर नुसतं पडून असतं. ते नाव बाहेर निघतं ते बिनसल्यावर. ‘अनसपोर्टेड’चा अर्थ मी ‘चालणार नाही’ असा लावला होता आणि ते चाललं म्हटल्यावर कंपनीला खोटं पाडल्याच्या आनंदात होते. अर्थ तसा नव्हताच. चालेल. न चाललं तर विचारायला जागा नाही, एवढाच अर्थ होता.

त्या रात्री पुण्याच्या गाडीत बसून मी जे आधी वाचायला हवं होतं ते वाचलं. यादीबाहेरच्या मशीनला महिन्याचे अपडेट्स एरवी येतात, पण वर्षाला येणारी नवी आवृत्ती आपोआप येत नाही. ती पुन्हा इमेज फाइल, पुन्हा तोच चौकोन, अशी हाताने चढवावी लागते. घरगुती विंडोजच्या प्रत्येक आवृत्तीला दोन वर्षांचं आयुष्य. मी टाकलेली २५एच२ होती, तिची मुदत ऑक्टोबर २०२७ पर्यंत. म्हणजे दर दोन वर्षांनी निदान एकदा मला डोंबिवलीत रात्री जागून टक्के बघणं आलं. आणि हे मागचं दार तेव्हा उघडं असेलच असं नाही. २०२४ मध्ये २४एच२ आली तेव्हा तिला प्रोसेसरमध्ये काही ठरावीक सूचना हव्याच होत्या. कोअर टू ड्युओच्या काळातली जी मशीन्स जुगाड करून अकरावर सुखाने नांदत होती, ती या नव्या आवृत्तीवर सुरूच होईनात. रजिस्ट्रीत काहीही लिहा. आमच्या आय-फाइव्हला त्या सूचना येतात, म्हणून तो वाचला. पुढची अट कुठली येईल, कुणी सांगावं? त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने टीपीएम २.० बाबत तडजोड नाही असं पुन्हा एकदा ठणकावलं होतं.

हे सगळं माझ्या स्वतःच्या जुन्या लॅपटॉपवर असतं ना, तर मी अजूनही म्हणेन, बिनधास्त करा. धमाल येते, दोन गोष्टी शिकायला मिळतात, आणि चांगलं चालतं मशीन केवळ यादीत नाही म्हणून भंगारात घालणं मला पटत नाही. बॅकअप घ्या आणि घाला उडी. फक्त बिघडल्यावर ते निस्तरणारे आणि त्या बिघाडाचा फटका बसणारे तुम्ही एकच असायला हवं. इथे निस्तरणार मी, पुण्यात. आणि फटका बसणार तो तिसऱ्या मजल्यावरच्या पेन्शनर आजींना.

पुढचा अंक रविवारी, सोसायटीच्या कमिटी मीटिंगमध्ये. मी नव्हते, बाबांनी फोनवर सांगितलं. त्यांनी चक्क विषयपत्रिकेवर घातलं होतं. विषय क्रमांक चार : खजिनदारांच्या संगणकाबाबत माहिती देणे. इतिवृत्तात नोंद हवी म्हणे! त्यांनी सगळं सांगितल्यावर दुसऱ्या मजल्यावरचे एक काका म्हणाले, “अहो साहेब, आपल्या बिल्डिंगलाच ओसी नाही! तेवीस वर्षं राहतोय ना? लॅपटॉपचं काय घेऊन बसलात!”

सगळे खो खो हसले. मीही फोनवर हसले. कारण खरंच होतं ते. लिफ्ट चालते, नळाला पाणी येतं, गच्चीवर कोजागरी होते, ऑक्युपेशन सर्टिफिकेट नाही म्हणून काही अडत नाही.

“मी नाही हसलो,” बाबा म्हणाले. “ती ओसीची फाइल माझ्याच पिशवीत असते.”

रिटायर झाल्यापासून ते त्या फाइलचे हेलपाटे घालतायत. ओसी नसल्याचं दुःख रोज कळत नाही. कुणी फ्लॅट विकायला काढतो आणि घेणाऱ्याची बँक कागद मागते, तेव्हा कळतं. नोकरीत असताना तो कागद मागणारा माणूस बाबाच होते.

“काय करायचं मग?” मी विचारलं.

“परत जाता येतं ना? तू म्हणाली होतीस दहा दिवस.”

येतं. अपग्रेडनंतर जुनी विंडोज एका फोल्डरमध्ये दहा दिवस जपून ठेवलेली असते. तेवढ्यात मन बदललं तर सेटिंग्जमधून ‘गो बॅक’. अकराव्या दिवशी ते फोल्डर साफ होतं आणि दार बंद. आमचा नववा दिवस होता सोमवार, २७ तारीख. रात्री जेवणं झाल्यावर मी पुण्यात फोन स्पीकरवर टाकून आणि बाबा डोंबिवलीत लॅपटॉपपुढे, असे आम्ही बसलो. आधी आठवडाभराच्या नव्या फाइल्स पेन ड्राइव्हवर. मग सिस्टीम, रिकव्हरी, गो बॅक.

“हा विचारतोय, परत का जाताय?”

“कुठल्याही एका चौकटीत टिक करा हो.”

“थांब, वाचू दे. अ‍ॅप्स चालत नाहीत... तसं नाही. आधीचं सोपं वाटायचं... तसंही नाही, सवय झाली होती मला. आधीचं फास्ट होतं... नाही, हेच फास्ट आहे.” बँकेत एकही रकाना रिकामा न सोडलेला माणूस! शेवटी त्यांनी ‘दुसरं कारण’वर टिक केलं आणि खालच्या रिकाम्या जागेत काहीतरी टाइप करायला लागले. एका बोटाने. बराच वेळ फक्त टक टक ऐकू येत होतं.

“काय लिहिताय?”

“नो गॅरंटर. वन जी की टू जी?”

पुढे त्याने ‘जाण्याआधी एकदा अपडेट्स तपासून बघू का’ असंही विचारलं. बाबांनी ‘नको, धन्यवाद’ दाबलं. अर्ध्या-पाऊण तासात जुनी दहा हजर. मॅक्रोसकट. दोन बोटांच्या टचपॅडसकट.

मग आम्ही तो थ्रिल नसलेला रस्ता धरला. वाढीव सिक्युरिटी अपडेट्स, ज्याला ईएसयू म्हणतात. विंडोज अपडेटच्या पानावर ‘एनरोल नाऊ’ अशी लिंक होती. मायक्रोसॉफ्टचं अकाउंट लागतं. सेटिंग्ज त्यात सिंक केली तर पैसे नाहीत. नाहीतर एक हजार रिवॉर्ड पॉइंट्स किंवा तीस डॉलर. अकाउंट काढण्यात, पासवर्ड ठरवण्यात आणि ओटीपी येईपर्यंत तो कुठे टाकायचा हे विसरण्यात वीस मिनिटं गेली. एनरोल व्हायला एक मिनिट. मी त्या रात्री तीन तास टक्के बघत बसले होते, ते उगाच आठवलं.

स्क्रीनवर तारीख आली. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत.

नोव्हेंबरात घरी गेले, तर बाबांनी २०२६ चं कालनिर्णय आणून ठेवलं होतं. भिंतीवर लावायच्या आधीच ऑक्टोबरचं पान उघडून १३ तारखेच्या चौकोनात दूधवाल्याच्या हिशोबासारखं बारीक अक्षरात लिहून ठेवलेलं, ‘लॅपटॉप’. आईने ते पान हातात घेऊन खाली २० तारखेपर्यंत बोट नेलं.

“आठवड्याने दसराच आहे,” ती म्हणाली. “तेव्हा तरी घ्या.”